बेंटन आयरिस : सेड्रिक मॉरिस यांच्या वाफ्यातली फुलं, विकत घ्यावीत का आणि जगवावीत कशी

इंग्लंडमधल्या नर्सऱ्यांच्या यादीत आयरिसच्या पानावर काही नावं एकाच शब्दाने सुरू होताना दिसतात. बेंटन ऑलिव्ह, बेंटन नायजेल, बेंटन सुझन, बेंटन कॅरमेल. हे कंपनीचं नाव नाही. सफक परगण्यातल्या हॅडली गावाजवळ बेंटन एंड नावाचं सोळाव्या शतकातलं घर आहे. तिथे चित्रकार सेड्रिक मॉरिस 1940 पासून 1982 पर्यंत राहिले. त्यांनी चित्रं काढली, शाळा चालवली आणि भिंतीआडच्या बागेत आयरिसच्या नव्या जाती तयार केल्या. ब्रिटनमध्ये राहणारे आणि मागच्या अंगणात चार वाफे असलेले बरेच मराठी बागप्रेमी हे कंद मागवावेत का म्हणून विचारत असतात. आमचं उत्तर आहे, मागवा. पण कोणता, कधी आणि कुठून, हे आधी नीट समजून घ्या. महाराष्ट्रात बसून हे कंद मागवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. तुमच्यासाठी मॉरिस यांचंच दुसरं एक फूल आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मॉरिस यांचा जन्म 1889 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीजवळचा. पहिलं महायुद्ध संपलं त्याच रात्री त्यांची आर्थर लेट-हेन्स यांच्याशी गाठ पडली आणि तो सहवास जन्मभर टिकला. न्यूलिन, पॅरिस, लंडन असा मुक्काम करत दोघं सफकमध्ये स्थिरावले. 1937 मध्ये त्यांनी डेडम इथे 'ईस्ट अँग्लियन स्कूल ऑफ पेंटिंग अँड ड्रॉइंग' सुरू केलं. 1939 च्या उन्हाळ्यात ती इमारत आगीत गेली. दुसऱ्या दिवशी मॉरिस यांनी विद्यार्थ्यांना त्या जळक्या अवशेषांसमोरच चित्रं काढायला बसवलं, असं सांगतात. त्यानंतर शाळा बेंटन एंडला आली. पुढे जगभर नाव झालेला चित्रकार ल्यूशन फ्रॉइड त्यांच्याकडे आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. चित्रकार मॅगी हॅम्ब्लिंगही शाळकरी वयातच तिथे पोचली. मॉरिस यांना साचेबंद शिकवणं मान्य नव्हतं. कोणाच्या हातात आपली शैली कोंबायची नाही, ज्याचा त्याला रंग सापडू द्यायचा, ही त्यांची रीत. लेट-हेन्स स्वयंपाकघर आणि शाळेचा कारभार पाहत. मॉरिस बागेत नाहीतर चित्राच्या घोडीपुढे असत. चित्र काढताना ते आधी रेखाटन करत नसत. कॅनव्हासच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून रंग भरत खाली उतरायचं आणि खालच्या कोपऱ्यात पोचलं की चित्र पुरं. त्यांचं 1943 चं आयरिसच्या रोपांचं चित्र टेट संग्रहालयाकडे आहे. ते पाहिलं की या माणसाला फुलात काय हवं होतं ते लगेच कळतं.

आयरिसचं पान वेखंडासारखं असतं, चपटं, तलवारीसारखं, पंख्याच्या आकारात फुटणारं. जमिनीत, खरं तर जमिनीच्या पृष्ठावरच, आल्याच्या गड्ड्यासारखा कंद आडवा पसरतो. फुलाला सहा पाकळ्या. तीन वर उभ्या राहून घुमटासारख्या जुळतात आणि तीन खाली झुकतात. झुकत्या पाकळीच्या मध्यावर पिवळ्या-नारिंगी केसांचा पट्टा असतो, जणू सुरवंटच चिकटलाय. हीच याची 'दाढी'. आता आधुनिक, मुख्यतः अमेरिकेत तयार झालेली आयरिस बघा. पाकळ्यांना झालर, फूल भलं मोठं, रंग भडक. एक जोराचा पाऊस झाला की दांडा आडवा होतो. मॉरिस यांनी मुद्दाम याच्या उलट दिशा धरली. त्यांच्या फुलांच्या कडा साध्या आहेत. आकार सडसडीत आहे आणि रंग धुरकट. पिवळ्यावर राखाडी झाक, जांभळ्यात तपकिरी. त्यांच्या बऱ्याच जातींत फिकट पाकळीच्या कडेने बारीक ठिपक्यांची आणि रेघांची किनार असते. डोळ्याजवळ धरून पाहिलं तर ती छापलेली वाटत नाही. सुईने एकेक टाका घालावा तशी ती कडेला दाट असते आणि आत येता येता विरळ होत जाते. चित्रकाराने निवडलेलं फूल म्हणजे काय, ते या किनारीत दिसतं.

निवडही भरपूर करून झालेली आहे. दर वर्षी हजाराच्या आसपास नवी रोपं वाढवायची, फुलली की बघायची आणि बहुतेक सगळी काढून टाकायची, असं चक्र त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. त्यातून नाव देण्याजोग्या ठरल्या त्या नव्वदच्या आसपास जाती. संकर करण्याची पद्धत सोपी आहे, सोसावा लागतो तो वेळ. फूल उमलायच्या बेतात असताना त्याचे पुंकेसर चिमट्याने काढायचे. दुसऱ्या जातीचा पराग घेऊन मधल्या फाट्याच्या टोकाशी असलेल्या छोट्या ओठासारख्या कडेवर लावायचा. तीच कुक्षी. शेंग पिकायला आठ-दहा आठवडे लागतात. बी शरद ऋतूत पेरायचं, ते थंडी खाऊन वसंतात उगवतं. पहिलं फूल दिसायला आणखी दोन-तीन वर्षं. म्हणजे एका संकराचा निकाल तीन-चार वर्षांनी लागणार, आणि हजारात पसंतीस उतरणार ती दोन-चारच. 'बेंटन कॉर्डेलिया'ला 1955 मध्ये ब्रिटनमधलं आयरिसचं सर्वोच्च डाइक्स पदक मिळालं. तरी या माणसाने 'बेंटन मेनेस' हे नाव आपल्या मांजरावरून ठेवलं आणि 'बेंटन रुबिओ' आपल्या मकाव पोपटावरून. घरातल्या सगळ्यांना बागेत जागा होती.

आता खरेदीचं बघू. बाजारात ही झाडं दोन प्रकारे मिळतात. मे-जूनमध्ये कुंडीत, फुललेली, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मातीविना नुसता कंद, पानं कापलेला. फुललेली कुंडी बघून मोह होतो, पण पैसे वाया जातात ते इथेच. आयरिसचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. दांडा आला तो कंद संपला. पुढच्या वर्षी फुलणार ती त्याच्या बाजूला फुटलेली पिल्लं. म्हणून कुंडीत फूल किती सुंदर आहे ते नंतर बघा. आधी दांड्याच्या दोन्ही अंगांना पानांचे नवे पंखे फुटलेत का ते बघा. एक-दोन धडधाकट पिल्लं दिसत नसतील तर ती कुंडी घेऊ नका, पुढचं वर्ष कोरडं जाईल. आमच्या मते नुसता कंद घेणं केव्हाही चांगलं. तो स्वस्त पडतो, लावण्याच्या योग्य हंगामात येतो आणि आत काय आहे ते उघड्यावर दिसतं. चांगला कंद अंगठ्यापेक्षा जाड असतो आणि दाबल्यावर कडक लागतो. मऊ लागला किंवा कुबट वास आला तर त्याच दिवशी फोटो काढून विक्रेत्याला कळवा. पार्सल ओलसर प्लॅस्टिकमध्ये बंद आलं असेल तर पुडकं उघडून कंद दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मगच लावा. पहिल्या मेमध्ये फूल येईलच असं नाही. दुसऱ्या वर्षी आलं नाही तर मात्र जागा चुकली असं समजा.

नावाची खात्री हा दुसरा मुद्दा, आणि या झाडाच्या बाबतीत तोच सगळ्यात मोठा. बेंटन आयरिस बियांपासून जशीच्या तशी येत नाही, कंद तोडूनच वाढवावी लागते. त्यामुळे खरी 'बेंटन सुझन' तुमच्या अंगणात आली म्हणजे बेंटन एंडच्या वाफ्यात मॉरिस यांनी निवडलेल्या त्या एकाच रोपाचा तुकडा, हातोहात पुढे येत, तुमच्यापर्यंत पोचला. आणि तो तुकडा वाटेत हरवणं फार सोपं होतं. मॉरिस 1982 मध्ये वयाच्या 92 व्या वर्षी गेले. झाडांची व्यवस्था त्यांनी मैत्रीण जेनी रॉबिन्सन यांच्यावर सोपवली होती. त्यांनी झाडं मित्रांत, बागांत, नर्सऱ्यांत वाटली. बाग मोडली आणि बऱ्याच आयरिसची नावाची चिठ्ठी कुठेतरी पडून गेली. सिसिंगहर्स्ट बागेच्या माजी मुख्य माळी सेरा कुक यांनी पुढे वर्षानुवर्षं त्यांचा माग काढला. जुन्या याद्या, वर्णनं आणि फुलं ताडून एकेक जात शोधली आणि मॉरिस यांच्या आयरिसचा राष्ट्रीय संग्रह उभा केला. 2015 च्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात ही फुलं एकत्र मांडली गेली, तेव्हापासून मागणी वाढली. मागणी वाढली की चुकीच्या चिठ्ठ्याही वाढतात. म्हणून विक्रेत्याला थेट विचारा, तुमचं मूळ रोप कुठून आलं? जो या राष्ट्रीय संग्रहाशी किंवा जुन्या माहितीच्या बागेशी दुवा सांगू शकतो, त्याच्याकडून घ्या. 'बेंटन मिश्र' असं काही विकत असेल तर ते घेऊच नका, नाव नसेल तर ते बेंटन नव्हे.

फूल आल्यावर फोटोशी ताडून पाहतानाही जरा धीर धरा. हे धुरकट रंग उन्हानुसार आणि फुलाच्या वयानुसार बदलतात. सकाळी उमललेलं ताजं फूल आणि तिसऱ्या दिवशीचं फूल शेजारी ठेवलं तर दोन जाती वाटाव्यात. फोटोत 'ऑलिव्ह' कधी पिवळी दिसते, कधी राखी. ओळख पटवायची ती पहिल्या दिवशीच्या फुलावरून, ढगाळ उजेडात, दाढीचा रंग आणि कडेची किनार बघून. आमची पहिली पसंती 'बेंटन ऑलिव्ह'. मळकट पिवळ्या पाकळीवर निळसर जांभळी छटा, असा रंग दुसऱ्या आयरिसमध्ये आम्हाला दिसला नाही. ज्यांना ठसठशीत जांभळं हवं त्यांनी 'नायजेल' घ्यावी. जागा एकाच कंदापुरती असेल आणि पहिल्यांदाच लावत असाल, तर किनारवाली एखादी घ्या, कारण मॉरिस यांची खूण तिथे सगळ्यात स्पष्ट आहे.

लागवडीत दहातले नऊ जण एकाच ठिकाणी चुकतात, कंद खोल पुरतात. हळद-आलं लावायची सवय असलेल्या हाताला ते साहजिक वाटतं, पण इथे उलट करायचं. खड्डा करा, मधोमध मातीचा उंचवटा ठेवा, त्यावर कंद घोड्यावर बसवल्यासारखा बसवा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडा आणि माती अशी भरा की कंदाची पाठ उघडी राहील. त्या पाठीला ऊन लागलं पाहिजे. उन्हात भाजलेल्या कंदातच पुढच्या वर्षीचा दांडा तयार होतो. दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन हवं. पानांचा पंखा कापून 15 सेंटिमीटरवर आणा, नाहीतर मुळं धरायच्या आत वारा झाड हलवून उपटतो. दोन कंदांत 30 ते 40 सेंटिमीटर अंतर ठेवा. कंदाचं पानांकडचं तोंड उत्तरेला आणि बुडखा दक्षिणेला ठेवला तर स्वतःच्या पानांची सावली त्याच्यावर पडत नाही. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या. पुढे पहिले तीन-चार आठवडे पाऊस नसेल तरच आठवड्यातून एकदा.

सफक हा इंग्लंडच्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक. मँचेस्टर किंवा कार्डिफच्या पावसात, किंवा लंडन-लेस्टरच्या चिकट मातीत, तसाच निचरा आपोआप मिळणार नाही. तिथे वाफा 15 सेंटिमीटर उचलून घ्या आणि मातीत एक तृतीयांश जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळा. बारीक वाळू घालू नका, चिकणमातीत ती सिमेंटसारखी बसते. आणि हात कितीही शिवशिवले तरी कंदावर शेणखत किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन घालू नका. आच्छादनाखाली ओल राहते, ओलीत जिवाणू शिरतो आणि कंद आतून लोण्यासारखा कुजतो. पानाचा पंखा बुडाशी पिवळा पडला आणि ओढल्यावर अलगद हातात आला, वास सडका आला, तर ती कूज. अशा वेळी कंद उकरा, मऊ भाग धारदार सुरीने पांढरा कडक गर लागेपर्यंत खरवडून काढा, जखम दोन दिवस उन्हात सुकू द्या आणि नव्या जागी लावा. प्रत्येक कापानंतर सुरी पुसून स्पिरिटमध्ये बुडवा, नाहीतर रोग एका कंदावरून दुसऱ्यावर तुम्हीच न्याल. पानांवर तपकिरी ठिपके आले तर ती बुरशी. तशी पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या ढिगात नको.

खत कमीच. वसंतात आणि फुलं संपल्यावर मूठभर हाडांचं खत, तेही कंदापासून चार बोटं दूर. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार होतात, फूल येत नाही आणि कंद मऊ पडून कुजायला तयार होतो. बिनशंखाच्या गोगलगायी कोवळे दांडे खातात. एप्रिलमध्ये अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन वेचून काढणं हाच खात्रीचा उपाय. विषारी गोळ्या टाकू नयेत असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि या फुलांच्या शेजारी तर मुळीच नकोत. शेतातल्या कीटकनाशकांनी पक्षी मरू लागले तेव्हा मॉरिस अस्वस्थ झाले होते. 1960 च्या सुमारास त्यांनी मेलेल्या पक्ष्यांनी भरलेलं 'लँडस्केप ऑफ शेम' हे चित्र काढलं, तेही टेटकडे आहे.

दर तीन-चार वर्षांनी गड्डा मध्यभागी पोकळ होतो आणि फुलं कमी होतात. फुलं संपल्यावर सहा आठवड्यांनी, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात, सगळा गड्डा खणायच्या काट्याने उचला. मधले जुने, पानं नसलेले कंद टाका. कडेचे ताजे, एक पंखा आणि जोमदार मुळं असलेले तुकडे तोडून पुन्हा लावा. एका कंदाचे तीन-चार वर्षांत सहज पाच-सहा होतात, म्हणजे वाटण्यापुरते निघतातच.

आता पुणे-नाशिकच्या वाचकांसाठी. दाढीच्या आयरिसना हिवाळ्याची खरी थंडी लागते आणि पावसाळा त्यांना कुजवतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात बेंटनचा कंद टिकायचा नाही. शिवाय परदेशातून कंद किंवा बी आणायचं तर आयातीचा परवाना आणि तिकडचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नातेवाइकांच्या बॅगेतून आणायची वस्तू ही नव्हे. पण मॉरिस यांनी रस्त्याकडेच्या रानटी लाल पॉपीतून, म्हणजे खसखशीच्या कुळातल्या एका फुलातून, वर्षानुवर्षं निवड करून राखी, धुरकट गुलाबी आणि फिकट जांभळ्या छटांची एक पॉपी तयार केली. बियांच्या पाकिटावर ती 'मदर ऑफ पर्ल' किंवा 'सेड्रिक मॉरिस' या नावाने असते. इथल्या विक्रेत्याकडे ती मिळाली तर देशावरच्या हिवाळ्यात ती येते. न मिळाल्यास साधी शर्ली पॉपी घ्या, दोघींची जात एकच. पाकिटावर 'पापाव्हर ऱ्होइअस' हे नाव आहे ना, ते तपासा. स्वयंपाकघरातली खसखस पेरू नका, ती अफूची जात आहे आणि परवान्याशिवाय तिची लागवड गुन्हा आहे.

पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. बी मोहरीपेक्षा कितीतरी बारीक, म्हणून चिमूटभर बियांत मूठभर कोरडी वाळू मिसळून फेका. वर माती घालू नका, उगवायला उजेड लागतो. नुसतं हाताने थोपटा आणि फवाऱ्याने पाणी द्या. मुंग्या बी पळवतात, तेव्हा वाफ्याच्या कडेला लक्ष ठेवा. रोपं दोन इंचांची झाली की विरळणी करून 15 ते 20 सेंटिमीटर अंतर ठेवा. उपटलेली रोपं दुसरीकडे लावायचा लोभ नको. सोटमूळ दुखावलं की ती बसत नाहीत. पाणी जास्त झालं तर रोपं बुडाशी काळी पडून कोसळतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ही फार टिकत नाही. पाचगणी-महाबळेश्वरला छान येते.

आयरिस आणि या पॉपीत एक मोठा फरक आहे. आयरिस कंदातून जशीच्या तशी राहते, पॉपी मात्र दर वर्षी बियांतून येते आणि मधमाश्या लाल फुलांचा पराग तिच्यावर आणून तिला भराभर लाल करून टाकतात. मॉरिस करत तेच तुम्हालाही करावं लागेल. फुलायला लागली की रोज सकाळी, माश्या यायच्या आत, वाफ्यात फेरी मारायची आणि जे फूल भडक लाल निघेल ते रोप मुळासकट उपटायचं. नुसतं फूल खुडून उपयोग नाही, खालच्या कळ्या पुन्हा तसल्याच उघडतात. राखी आणि जांभळट रोपांना दोरा बांधून ठेवा आणि त्यांच्याच बोंडांतलं बी धरा. बोंड वाळून वरच्या झाकणाखाली छिद्रं दिसू लागली की ते कागदी पिशवीत उलटं करा. दोन-तीन हंगाम ही फेरी चुकवली तर वाफा लालेलाल होतो, आणि पाकिटासाठी दिलेले पैसे गेलेच.

ब्रिटनमधल्या वाचकांना डिसेंबरात काही हवं असेल तर मॉरिस यांच्या नावाचा एक ठेंगणा नरगिसही आहे, उत्तर स्पेनमधून आलेला, नाताळच्या आसपास फुलणारा. सुंदर आहे, पण हळू वाढतो आणि महाग पडतो. दाराजवळच्या कुंडीत ठेवला तरच दिसतो. आधी आयरिस घ्या. चित्रं आणि बाग एकत्र समजून घ्यायची असेल तर लंडनमध्ये लॅम्बेथच्या जुन्या चर्चमधलं गार्डन म्युझियम बघा. बेंटन एंड आता त्यांच्याकडेच आहे आणि तिथली बाग पुन्हा उभी करायचं काम त्यांनी हाती घेतलं आहे.

कंद लावला की त्याच दिवशी चिठ्ठी लिहा. साध्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर मार्करने लिहिलेलं दोन उन्हाळ्यांत उडून जातं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर साध्या पेन्सिलने लिहा, ते वर्षानुवर्षं टिकतं. एक पट्टी झाडाजवळ रोवा. दुसरी त्याच नावाची पट्टी कंदाच्या उत्तरेला चार बोटं खोल पुरून ठेवा, म्हणजे वरची हरवली तरी गड्डा उचलताना नाव हाताला लागेल. आणि कोणाला तुकडा तोडून द्याल तेव्हा पानाच्या पंख्यावरच पेनाने नाव लिहून द्या.